ओळखीचा सूर, अनोळखी गोंगाट

औंढा नागनाथ हे नाव मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला दोन वाटांनी भेटते. एक वाट ज्योतिर्लिंगाची आणि शिल्पांनी नटलेल्या हेमाडपंती देवळाची. दुसरी नामदेवांची. विसोबा खेचरांनी नामदेवांना उपदेश केला तो याच क्षेत्री, असे परंपरा सांगते; नामदेवांच्या घराण्याशी जोडले जाणारे नरसी हे गावही याच हिंगोली जिल्ह्यात आहे. गेल्या दशकात या नावाकडे येणारी तिसरी वाट तयार झाली. औंढ्याजवळ दुधाळा परिसरात 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने १७ फेब्रुवारी २०१६ रोजी तिला तत्त्वतः मान्यता दिली, ६ एप्रिल २०२३ रोजी सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला अंतिम मंजुरी दिली, आणि ११ मे २०२३ रोजी कोनशिला बसवली गेली.

या वेधशाळेविषयी लिहिताना सहसा असे आकडे आणि तारखा सांगितल्या जातात. प्रस्तुत लेखाचा विषय त्यामागचा एक प्रश्न आहे. जे आपण पूर्वी कधीही ऐकलेले नाही, ते कानी पडले तर ओळखायचे कसे? संशोधकांच्या तीन पिढ्यांनी या प्रश्नाला वेगवेगळी उत्तरे दिली. त्या उत्तरांच्या इतिहासात मधोमध उभी आहे ती पुण्याच्या 'आयुका'तील संजीव धुरंधर यांची वाटचाल. तिच्या मागे १९७० सालची एक संगणकीय गणना आहे आणि पुढे आजचे 'मशीन लर्निंग', म्हणजे उदाहरणांवरून शिकणारी यंत्रे. साहित्याच्या अभ्यासकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. ओळख कशी पटते आणि कशी चुकते, हा त्याच्याही व्यवसायाचा प्रश्न आहे.

१

आधी थोडे भौतिकशास्त्र. १९१६ साली आइनस्टाइन यांनी आपल्या व्यापक सापेक्षता सिद्धांतातून असे दाखवले की वस्तुमाने वेगाने परस्परांभोवती फिरू लागली की अवकाश-कालाच्या पटावर लहरी उठतात. अशी लहर एखाद्या ठिकाणाहून जाते तेव्हा तेथील अंतरे एका दिशेने किंचित ताणली जातात आणि तिला काटकोनात असलेल्या दिशेने किंचित आखडतात. लायगोची रचना याच वैशिष्ट्यावर बेतलेली आहे. काटकोनात चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या, त्यांच्या टोकांना टांगलेले आरसे, आणि दोन्ही अंतरांतला फरक मोजणारा लेसरचा किरण. मोजायचा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही लहान असतो. जमिनीची सूक्ष्म स्पंदने, दूरच्या समुद्राची गाज, रस्त्यावरचा मालट्रक, आरशाच्या अणूंची उष्णतेने होणारी थरथर, ही सगळी हालचाल त्याहून मोठी. यंत्राची रचना त्यातली बरीचशी हालचाल अडवते. जी उरते तिच्या गोंगाटातून तो फरक वेगळा काढावा लागतो.

तो वेगळा काढायचा तर संकेताचा आकार आधी ठाऊक हवा. निसर्गात तो कोणी पाहिलेला नव्हता. म्हणून तो प्रथम संगणकात पाहिला गेला. बंगळूरचे सी. व्ही. विश्वेश्वर हे अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात चार्ल्स मिस्नर यांचे विद्यार्थी. त्यांनी १९७० साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात कृष्णविवरावर लहरींचा पुंजका सोडला तर काय परत येईल, याची संगणकावर गणना केली. पुंजका पुरेसा अरुंद ठेवल्यावर एक वेगळीच गोष्ट दिसली. परत येणाऱ्या लहरीत, ठोका दिलेल्या घंटेचा नाद विरत जावा तसे विरत जाणारे कंपन होते. आणि त्या कंपनाचा सूर सोडलेल्या पुंजक्यावर अवलंबून नव्हता, तो कृष्णविवराच्या वस्तुमानावर ठरत होता. घंटेवर काहीही आपटा, नाद घंटेचाच.

मराठीत त्या सुमारास काय चालले होते, हे नोंदवणे मनोरंजक ठरेल. जयंत नारळीकरांनी आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटवून 'नारायण विनायक जगताप' या नावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती १९७४ साली. मराठी वाचकाला ही वस्तू कथेतून परिचित होण्यापूर्वीच तिचा सूर कागदावर उतरला होता. तो खरोखर ऐकू यायला मात्र आणखी चार दशके जायची होती.

२

धुरंधर यांची सुरुवात याच प्रकारच्या, वेधांपासून दूर असलेल्या सैद्धांतिक कामाने झाली. फिरत्या कृष्णविवरातून ऊर्जा काढून घेता येते का, या पेनरोज यांनी उपस्थित केलेल्या प्रश्नावर त्यांनी संजय वाघ आणि नरेश दधिच यांच्याबरोबर १९८५ साली लिहिलेला निबंध त्या क्षेत्रात आजही उद्धृत होतो. त्यानंतर त्यांनी दिशा बदलली. कृष्णविवराच्या समीकरणांकडून ते गोंगाटाच्या गणिताकडे वळले.

हा बदल वाटतो तितका लहान नव्हता. त्या काळी सापेक्षतावादाच्या अभ्यासकांत सिद्धांताला जी प्रतिष्ठा होती ती आकडे चाळण्याच्या कामाला नव्हती. शिवाय चाळायला आकडे होते कुठे? नारळीकरांच्या नेतृत्वाखाली आयुकाची स्थापना १९८८ साली झाली. भारतात गुरुत्वीय लहरींचा शोधक नव्हता आणि अमेरिकेतील लायगोचे बांधकामही १९९४ पर्यंत सुरू व्हायचे होते. ज्या यंत्राचा पत्ता नाही, त्याला न मिळालेले संकेत कसे ओळखावेत, यावर पुण्यात बसून विचार करणे हे धाडसाचेच काम होते. त्याला एक व्यावहारिक बाजूही होती. यंत्र उभारण्याइतका पैसा नसलेल्या देशातही हे काम कागद, पेन्सिल आणि संगणक यांच्या बळावर जगाच्या बरोबरीने करता येत होते.

१९९१ साली बी. एस. सत्यप्रकाश आणि धुरंधर यांचा निबंध 'फिजिकल रिव्ह्यू डी'मध्ये प्रसिद्ध झाला. विषय होता परस्परांभोवती फिरत जवळ येणाऱ्या ताऱ्यांच्या लहरी शोधण्यासाठी गाळण्या कशा निवडाव्यात. मूळ तंत्र जुनेच, दुसऱ्या महायुद्धातील रडारच्या गरजेतून १९४३ साली मांडले गेलेले. अपेक्षित संकेताचा साचा घ्यायचा, तो नोंदींवरून क्षणाक्षणाने सरकवत न्यायचा, आणि प्रत्येक ठिकाणी दोहोंचा मेळ किती बसतो ते मोजायचे. ज्या पट्टीत गोंगाट जास्त, त्या पट्टीतील साक्षीला वजन कमी द्यायचे. याला साच्यांची जुळणी म्हणू.

अडचण अशी की साचा एक नसतो. दोन ताऱ्यांची वस्तुमाने बदलली की सूर चढत जाण्याचा वेग बदलतो, आणि आकाशात कोणती जोडी वाट पाहते आहे हे आधी कळत नाही. म्हणून साच्यांचा साठा ठेवावा लागतो. साचे फार विरळ ठेवले तर जाळ्याच्या मोठ्या छिद्रांतून मासे निसटावेत तसे संकेत निसटतात. फार दाट ठेवले तर संगणक पुरे पडत नाहीत. शिवाय जितके साचे अधिक, तितकी निव्वळ गोंगाटानेच एखाद्या साच्याशी जुळून जाण्याची शक्यता अधिक. साचे किती अंतरावर ठेवावेत, ती अंतरे कोणत्या चलांत मोजली म्हणजे सारखी येतात, जुळणी किती झाली म्हणजे दखल घ्यावी, हे प्रश्न धुरंधर आणि सत्यप्रकाश यांनी १९९१ आणि १९९४ च्या निबंधांत, तसेच धुरंधर यांनी बर्नार्ड शुट्झ यांच्याबरोबर १९९४ साली तपशिलाने हाताळले. २००१ साली अर्चना पै, सुकांत बोस आणि धुरंधर यांनी पुढचे पाऊल टाकले. पृथ्वीवर विखुरलेले अनेक शोधक एकाच मोठ्या शोधकाचे भाग समजून त्यांच्या नोंदी एकत्र कशा तपासाव्यात, याची रीत त्यांनी मांडली. औंढ्याच्या वेधशाळेची गरज या निबंधात अंतर्भूतच होती, असे आज म्हणता येते.

३

पाठचिकित्सेचा अभ्यास केलेल्या वाचकाला येथे एक परिचित चित्र दिसले असेल. नामदेवांच्या नावावरील अभंगांत खरे नामदेवांचे कोणते, हा मराठीतला जुना वाद आहे. 'नामा' ही मुद्रा विष्णुदास नामा यांच्यासारख्या उत्तरकालीन कवींच्या रचनांतही येते, आणि गाथेत या रचना मिसळत गेल्या. संपादक काय करतो? खात्रीच्या वाटणाऱ्या अभंगांवरून भाषेचा आणि भावाचा एक साचा मनाशी बांधतो आणि संशयित रचना त्याच्याशी ताडून पाहतो. ही रीत उपयोगी आहे, आणि तिचे दोन धोकेही उघड आहेत. साचा बांधताना घेतलेल्या अभंगांतच भेसळ असेल तर ती भेसळ प्रमाण ठरते. आणि कवीने स्वतःच्या रीतीबाहेर जाऊन काही रचले असेल तर ते परके ठरते. शीख परंपरेने गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची एकसष्ट पदे जपली. केवळ मराठी अभंगांवरून साचा घडवलेल्या वाचकाला ती भाषेवरूनच अनोळखी वाटतील.

साच्यांच्या जुळणीलाही हेच दोन धोके आहेत. जे माहीत आहे तेच ती उत्तम ओळखते. म्हणूनच १४ सप्टेंबर २०१५ रोजी जे घडले ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. त्या दिवशी लिव्हिंग्स्टन आणि हॅनफर्ड येथील दोन शोधकांत सुमारे सात सहस्रांश सेकंदाच्या अंतराने एक संकेत आला. सुमारे ३६ आणि २९ सूर्यांच्या वस्तुमानांची दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती, आणि जवळपास तीन सूर्यांइतके वस्तुमान लहरींच्या रूपाने बाहेर पडले होते. या संकेताची पहिली चाहूल लागली ती कोणताही साचा न वापरणाऱ्या शोधप्रणालीला. दोन्ही ठिकाणी एकाच वेळी, एकाच प्रकारे ऊर्जा उसळली आहे, एवढेच ती प्रणाली पाहत होती. तीन मिनिटांत तिने इशारा दिला. पण ही लहर नेमकी कशाची, आणि असा योगायोग केवळ गोंगाटाने किती काळात एकदा घडेल, याचे सर्वांत भक्कम उत्तर साच्यांच्या जुळणीने दिले. सुमारे अडीच लाख साच्यांशी ताडून पाहिल्यावर ते उत्तर आले: दोन लाख वर्षांत एकदाही नाही.

चाहूल अनोळखीपणाला उघड्या असलेल्या कानाने घेतली आणि खात्री ओळखीच्या साच्याने दिली. दोन्ही लागले. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी हा शोध जाहीर झाला आणि सहा दिवसांनी लायगो-इंडियाला तत्त्वतः मान्यता मिळाली.

४

त्या संकेताच्या साच्याचे तीन भाग होते. दोन गोल फिरत जवळ येतात त्या पहिल्या भागासाठी बाला अय्यर, ल्यूक ब्लांशे, थिबो दामूर प्रभृतींनी वर्षानुवर्षे केलेली हातची गणिते होती. शेवटच्या विरत्या नादासाठी विश्वेश्वरांचे काम होते. मधला भाग, प्रत्यक्ष विलीनीकरण, सर्वांत अवघड. तेथे समीकरणे हाताने सुटत नाहीत; ती संगणकावर पायरीपायरीने सोडवावी लागतात. यालाच सिम्युलेशन किंवा सदृशीकरण म्हणतात. हान आणि लिंडक्विस्ट यांनी १९६४ साली पहिला प्रयत्न केला. फ्रान्स प्रिटोरियस यांना २००५ साली यश आले. मध्ये एक्केचाळीस वर्षे गेली.

यश आले तरी खर्च उरला. एका जोडीचे सदृशीकरण महासंगणकावर आठवडे, कधी महिने घेते. एका संकेताचा अर्थ लावायला मात्र लक्षावधी वेगवेगळ्या जोड्या पडताळाव्या लागतात. शिकणाऱ्या यंत्राचा प्रवेश झाला तो याच पेचातून. विजय वर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली १,५२८ सदृशीकरणे घेऊन त्यांवरून एक प्रतिरूप घडवले. ते समीकरणे सोडवत नाही. सोडवलेली उदाहरणे पाहून मधल्या जागांची उत्तरे कशी असतील, हे ते शिकते आणि क्षणार्धात सांगते. त्याच वर्षी विलीन झाल्यावर उरणाऱ्या कृष्णविवराचे वस्तुमान, फिरत आणि उसळी सांगणारे असेच शिकाऊ प्रतिरूपही त्यांनी प्रसिद्ध केले. २१ मे २०१९ रोजी आलेला, सुमारे ८५ आणि ६६ सूर्यांच्या जोडीचा संकेत जेमतेम दशांश सेकंदाचा होता. त्याचा अर्थ लावताना पहिल्या प्रतिरूपावर मुख्य भिस्त होती.

येथे शिष्य आणि गुरू यांचे नाते स्पष्ट आहे. गुरू म्हणजे आइनस्टाइनची समीकरणे आणि ती सोडवण्यात गेलेली एक्केचाळीस वर्षे. शिष्य गुरूचे पाठ झटकन म्हणून दाखवतो. पण पाठ कुठपर्यंत दिले, याची नोंद ठेवावी लागते. वरच्या प्रतिरूपाला दिलेल्या उदाहरणांत दोन्ही वस्तुमानांचे गुणोत्तर चारपर्यंत होते आणि कृष्णविवराच्या फिरण्याचे माप कमाल शक्यतेच्या ०.८ पर्यंत. २३ नोव्हेंबर २०२३ रोजी एक संकेत आला, तो २०२५ च्या जुलैमध्ये जाहीर झाला: सुमारे १३७ आणि १०३ सूर्यांची कृष्णविवरे, फिरण्याची मापे ०.९ आणि ०.८ च्या आसपास. यंत्र शिकले होते त्या प्रदेशाच्या सीमेवर, किंबहुना सीमेपलीकडे. वेगवेगळ्या प्रतिरूपांनी या संकेताचे वेगवेगळे अर्थ लावले, आणि संशोधकांनी तो मतभेद निष्कर्षाच्या अनिश्चिततेत धरून उत्तराच्या कक्षा रुंद ठेवल्या. ही प्रामाणिक रीत आहे. प्रतिरूप स्वतः असे म्हणत नाही की मला हा धडा शिकवलेला नाही. ते तितक्याच सफाईने उत्तर देते. सीमा लक्षात ठेवणे हे माणसाचे काम राहते.

५

दुसऱ्या बाजूने शिकणारी यंत्रे ओळखण्याच्या कामातही आली. २०१८ साली डॅनियल जॉर्ज आणि एलियू हुएर्ता यांनी, तसेच स्वतंत्रपणे ग्लासगोच्या गटाने असे दाखवले की सदृशीकरणातले संकेत गोंगाटात मिसळून न्यूरल नेटवर्कला शिकवले तर ते साच्यांच्या जुळणीच्या तोडीस येते, आणि एकदा शिकल्यावर कितीतरी वेगाने उत्तर देते. वर्षभरात दुसऱ्या संशोधकांनी आक्षेपही नोंदवला: नेटवर्क इशारा चांगला देते, पण तेवढ्यावर एखादा शोध सांख्यिकीदृष्ट्या सिद्ध झाला असे म्हणता येत नाही. २०१५ च्या सप्टेंबरात चाहूल आणि खात्री यांची जी विभागणी दिसली होती, तीच पुन्हा दिसली.

गोंगाटाची बाजू याहून गुंतागुंतीची आहे. शोधकाच्या नोंदींत क्षणिक खोटे संकेत सतत येत असतात. 'ग्रॅव्हिटी स्पाय' या प्रकल्पात हजारो सामान्य स्वयंसेवकांनी त्यांची चित्रे पाहून वर्गवारी केली आणि त्या वर्गवारीवरून यंत्राला शिकवले गेले. एका जातीला तर आकारावरून कोई माशाचे नाव मिळाले. यातील काही जाती मोठ्या कृष्णविवरांच्या आखूड संकेताशी इतक्या मिळत्याजुळत्या असतात की साचा फसतो. धुरंधर यांनी अनुराधा गुप्ता, भूषण गद्रे आणि सुकांत बोस यांच्यासह २०१७ साली या फसगतीवरील कसोट्यांची एक सामाईक भूमितीय मांडणी केली: साच्याशी जुळणारा भाग काढून घेतल्यावर जे उरते, ते नुसत्या गोंगाटासारखे आहे की नाही, हे पाहायचे. २०२३ साली सुनील चौधरी, अनुप्रीता मोरे, सुधागर सुयंप्रकाशम आणि बोस यांनी खरा संकेत आणि असा क्षणिक खोटा संकेत यांतला भेद न्यूरल नेटवर्कला शिकवला. नेटवर्कसमोर नोंदी कच्च्या ठेवल्या नव्हत्या. त्या खोट्या संकेतांच्या गणितावरून तयार केलेल्या नकाशांच्या रूपात ठेवल्या होत्या. काय पाहायचे हे जुन्या विद्येने ठरवले, कसे निवडायचे हे यंत्र शिकले. १९९१ च्या साच्यांपासून इथपर्यंतची रेघ सलग आहे, ती अशी.

६

आता पुन्हा औंढ्याकडे. तीन-चार शोधकांच्या नोंदी जुळल्या की लहर आकाशाच्या कोणत्या भागातून आली हे नेमके कळते. २०१५ च्या संकेताचे स्थान सुमारे सहाशे चौरस अंशांत शोधावे लागत होते. १७ ऑगस्ट २०१७ रोजी न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणाचा संकेत आला तेव्हा इटलीतील व्हर्गो सोबतीला होता; क्षेत्र अठ्ठावीस चौरस अंशांवर आले आणि दुर्बिणींनी त्या विलीनीकरणाचा प्रकाशही पाहिला. अमेरिका, युरोप आणि जपान यांच्यापासून दूर असलेला औंढ्याचा शोधक हे स्थान आणखी नेमके करील.

पण औंढ्याचा गोंगाट औंढ्याचाच असेल. दख्खनच्या काळ्या पाषाणाची जमीन, पावसाळ्यात फुगणारी काळी माती, उसाच्या आणि कापसाच्या गाड्या, यात्रेची गर्दी. २१ मार्च २०२४ रोजी पहाटे हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला. १९९३ चे किल्लारी ज्यांना आठवते त्यांना अशा धक्क्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. हॅनफर्डच्या वाळवंटात किंवा लुइझियानाच्या जंगलात शिकलेल्या यंत्राला यातले काही ठाऊक नसेल. येथील खोट्या संकेतांच्या जाती कुणीतरी बसून पाहाव्या, नावे देऊन वेगळ्या कराव्या आणि यंत्राला नव्याने शिकवाव्या लागतील. हे काम बाहेरून आणता येण्यासारखे नाही. मराठवाड्यातील महाविद्यालयांत आज शिकणाऱ्या मुलामुलींच्या वाट्याला त्यातला काही भाग यावा, ही अपेक्षा अवास्तव नव्हे.

धुरंधर यांच्या वाटचालीचा अर्थ मला येथे जाणवतो. यंत्र नसताना त्यांनी गोंगाटाचे गणित मांडले, कारण ओळखण्याची तयारी ओळख पटण्याच्या कितीतरी आधी करावी लागते. शिकणारी यंत्रे आली म्हणून ती तयारी अनावश्यक झालेली नाही. तिची जागा बदलली आहे. पूर्वी साचे कोणते घ्यावेत हे ठरवावे लागे, आता धडे कोणते द्यावेत आणि कुठे संपले हे नोंदवावे लागते. गाथेचा संपादक प्रस्तावनेत आपल्या पाठनिवडीचे निकष लिहून ठेवतो, ते याचसाठी. पुढच्या वाचकाला एखादे पद परके वाटले, तर ते खरोखर परके आहे की आपला साचा तोकडा आहे, हे त्याला त्या निकषांवरून तपासता आले पाहिजे.